दर्यालाही विसावा हवा

जून उजाडला की आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी एकदमच होतात. शाळेची घंटा वाजते आणि होड्या वर ओढून शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाडा, राजिवडा इथली मुलं वर्गात येतात तेव्हा त्यांचे अब्बा घरी जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. अशाच एका पावसाळी दिवशी सातवीतल्या एका मुलानं मला विचारलं, "सर, शेतात भात लावतात तसे दर्यात मासे लावता येत नाहीत का? मग अब्बांना दोन महिने घरी बसावं लागणार नाही."

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधं नाही. दर्यात मासे 'लावता' येतात. जगात अनेक देश ते करतात. पण त्यांतल्या एका छोट्या देशाला ही शेती करताना मोठी ठेच लागली आणि तिथून तो शहाणा झाला. त्याची हकीकत आपल्या किनाऱ्यावरच्या घरांनी ऐकण्यासारखी आहे.

हा देश म्हणजे फेरो बेटं. नकाशात स्कॉटलंडच्या वर, नॉर्वे आणि आइसलंड यांच्या मधोमध पाहा. १८ लहान बेटं, सगळी मिळून लोकसंख्या जेमतेम ५५ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. डेन्मार्कच्या राजवटीखाली असली तरी बेटांचा कारभार स्वतंत्र चालतो. वारा इतका की झाडं फारशी उगवत नाहीत. धान्य पिकत नाही. डोंगरावर मेंढ्या आणि खाली दर्या, एवढीच काय ती दौलत. परदेशी विकल्या जाणाऱ्या मालात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा माशांचा.

पण दर्यात पकडलेल्या माशांचा भरवसा नसतो. एका वर्षी जाळं भरून येतं, दुसऱ्या वर्षी रिकामं. म्हणून तिथल्या लोकांनी सॅमन म्हणजे रावसाची शेती धरली. (आपल्याकडचा रावस वेगळा. हा थंड पाण्यातला, गुलाबी मांसाचा मासा.) अंडी जमिनीवरच्या गोड्या पाण्याच्या टाक्यांत उबवायची, पिल्लं थोडी मोठी झाली की डोंगरांच्या कुशीत शिरलेल्या खाऱ्या खाड्यांत गोल जाळीच्या पिंजऱ्यांत सोडायची आणि साधारण दीड वर्ष खाद्य घालून वाढवायची. पाच-सहा किलोचा मासा तयार झाला की काढायचा.

धंदा चालला. मग एकाचे दोन, दोनाचे दहा पिंजरे झाले. एकाच खाडीत लहान मासे, मोठे मासे, या मालकाचे, त्या मालकाचे, सगळे शेजारी-शेजारी. खाडी कधीच रिकामी नाही. एक पीक निघायच्या आत दुसरं आत. कमाई थांबू नये, एवढाच विचार.

२००० साली माशांमध्ये विषाणूचा एक आजार आढळला. तो माणसाला होत नाही, पण माशाच्या रक्तातले तांबडे कण नष्ट करून त्याला मारतो. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत तो पसरत गेला. पिंजरे कधीच रिकामे होत नसल्यामुळे रोगाला दर वेळी नवे मासे आयतेच मिळत राहिले. पुढच्या काही वर्षांत बहुतेक शेतं बंद पडली. उत्पादन निम्म्याहूनही खाली आलं, अनेक धंदे बुडाले. ज्या गावांत तरुण मुलं रोजीसाठी थांबली होती, तिथे पुन्हा कपडे बांधायची वेळ आली.

इथे त्यांनी जे केलं ते महत्त्वाचं. आणखी पिंजरे टाकून तूट भरून काढायचा मार्ग त्यांनी धरला नाही. २००३ साली कायदे कडक केले. एका वेळी एका खाडीत एकाच वयाचे मासे. सगळे एकदम सोडायचे, सगळे एकदम काढायचे. मग जाळी वर घेऊन धुवायची, निर्जंतुक करायची आणि खाडी किमान दोन महिने पूर्ण रिकामी ठेवायची. पुढे माशांना लस देणंही सुरू झालं. तिथले व्यावसायिक सुरुवातीला कुरकुरलेच असतील, कारण रिकामी खाडी म्हणजे रिकामा गल्ला. पण धंदा परत उभा राहिला तो याच शिस्तीवर. अलीकडच्या वर्षांत तिथे बुडण्यापूर्वीपेक्षा जास्त मासा निघतो.

दुसरी एक गोष्ट तितकीच घेण्यासारखी. मत्स्यशेतीतला चिखल, मेलेले मासे आणि गुरांचं शेण एकत्र करून तिथे बायोगॅस बनवणारा कारखाना २०२० साली सुरू झाला. त्यातून वीज आणि ऊब मिळते, उरलेला गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून जातो.

सगळं आबादीआबाद आहे असं मात्र नाही. माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या उवांचा त्रास अजून आहे. खाद्यासाठी दुसरे लहान मासे पकडावे लागतातच. आता खाड्याही भरल्या, म्हणून उघड्या दर्यात पिंजरे न्यायची धडपड चालू आहे. वाढ कुठे थांबवायची, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्या देशात दर्यातल्या पिंजऱ्यांचे प्रयोग २००७ पासून सुरू आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं २०१० साली तमिळनाडूत मंडपम इथे सकला माशाचं बीज तयार करण्यात यश मिळवलं. जिताडा तर रायगडमधले शेतकरी तळ्यांत वाढवतच आले आहेत. शिवाय कोकणच्या खाड्यांत शिणाणे, कालवं, खेकडे आणि पिंजऱ्यातला जिताडा वाढवण्यासाठी बचतगटांना मदत देणारी कांदळवन विभागाची योजना २०१७ पासून आहे.

यातली शिणाणे आणि कालवं मला सर्वांत शहाणपणाची वाटतात. त्यांना खाद्य घालावं लागत नाही. पाण्यात तरंगणारे बारीक जीव गाळून ती पोसतात. तराफ्याला दोऱ्या बांधायच्या, पावसाळा सरल्यावर बीज लावायचं आणि पुढचा पाऊस पडायच्या आत काढायचं. आमच्या भागातल्या खाला-फुफी ओहोटीला खडकावरून कालवं काढतच आल्या आहेत. हे काम त्यांच्या हाताबाहेरचं नाही.

मोठ्या माशांचा पिंजरा हा मात्र खर्चाचा आणि जोखमीचा मामला. कोणी पिंजऱ्याची योजना घेऊन घरी आलं, तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. बीज कुठून येणार? एक किलो मासा वाढवायला किती किलो मासे खाऊ घालावे लागणार? आणि खाडी रिकामी कधी ठेवणार? शिवाय चौथी, मोहल्ल्याने मिळून विचारायची. होड्यांची जुनी वाट या पिंजऱ्यांनी अडणार तर नाही ना? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर घाई करू नका.

त्या मुलाला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, मासे लावले तरी दोन महिने बंदच?"

मी म्हटलं, "हो बेटा. फेरोवाल्यांना ते कायदा करून शिकावं लागलं. आपल्याला दर वर्षी पाऊस येऊन शिकवतो."

बाहेर सरी कोसळत होत्या. खाली जेटीवर शाकारलेल्या होड्या एका रांगेत उभ्या होत्या.