घरातली वीज (भाग ७) : रोध वाढला तर उष्णता वाढते की घटते?

मागच्या भागात आपण पाहिलं, की व्होल्टेज आणि करंट हे दोन आकडे हाताशी असले की बाकीचं गणित घरबसल्या करता येतं. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. दोघांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, वॅटमध्ये. याच दोन सूत्रांतून शक्तीची आणखी दोन रूपं निघतात : करंटचा वर्ग गुणिले रोध, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. पण ही दोन रूपं शेजारी शेजारी मांडली की दहावीतली चौकस मुलं अडतात, आणि अडायलाच हवं. पहिलं म्हणतं, रोध वाढला की उष्णता वाढते. दुसरं म्हणतं, घटते. मग खरं कोणतं?

गीझरपासून सुरुवात करू. त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं : २३० व्होल्ट, २००० वॅट. म्हणजे करंट २००० भागिले २३०, साधारण ८.७ अँपिअर, आणि आतल्या एलिमेंटचा रोध २३० भागिले ८.७, साधारण २६.५ ओहम. या तिन्हींपैकी गीझरचा स्वतःचा आकडा एकच, तो म्हणजे रोध. २००० वॅट हे वचन २३० व्होल्ट मिळाले तरच खरं. लांबलेल्या लाइनच्या टोकाला संध्याकाळी १८० व्होल्टच पोचत असतील, तर १८० चा वर्ग भागिले २६.५, म्हणजे जेमतेम १२२० वॅट. दाब पाचव्या हिश्शाने कमी झाला, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरली. वर्गाचा हा परिणाम. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एरवी एकवीस मिनिटं लागतात, तिथे चौतीस लागतील. बिलात मात्र विशेष फरक नाही, पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच, सुमारे ०.७ युनिट.

हे पडताळून पाहायला वायरला हात लावायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला किती लुकलुकी; बऱ्याच मीटरांवर हा आकडा ३२०० असतो. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. आता घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त गीझर चालू ठेवा आणि मिनिटभर मोजा. समजा ९६ भरल्या. ९६ गुणिले ११२५, भागिले ६० सेकंद : १८०० वॅट. त्याच वेळी व्होल्टेज २१८ दिसत असेल, तर रोध येतो २१८ चा वर्ग भागिले १८००, म्हणजे २६.४ ओहम. पट्टीवरून काढलेल्या आकड्याशी जुळलाच! गीझर १८०० वॅटच घेतो म्हणून दुकानदाराशी भांडायचं कारण नाही.

रोध कायम धरून दाब बदलला, म्हणून हे गणित सुटलं. काय कायम आहे आणि काय बदलतंय, हे ठरवणं हाच यातला खरा भाग. जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवणारे गेऑर्ग ओहम १८२५ मध्ये इथेच अडले होते. त्यांच्या विद्युतघटाचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरायचा. मग भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबं आणि बिस्मथ यांची जोडणी वापरली; एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. अशा जोडणीत दाब येतो तो दोन सांध्यांच्या तापमानांतल्या फरकातून; दोन्हींचं तापमान ढळत नाही, म्हणून दाबही ढळत नाही. १८२६ मध्ये नियम हाती आला.

आता तोच गीझर, पण त्याचा सॉकेट जुना झालेला. आतल्या पट्ट्या सैल पडल्यात, प्लगची पिन नीट पकडली जात नाही, आणि तिथे समजा अर्धा ओहम रोध तयार झालाय. इथे २३० चा वर्ग भागिले अर्धा केलं तर एक लाखाहून जास्त वॅट येतात. उत्तर अर्थातच चूक, कारण २३० व्होल्ट त्या सांध्यावर नाहीतच. वाटेत आधी अर्धा ओहम आणि पुढे एलिमेंटचे २६.५, मिळून २७. करंट ठरतो या बेरजेवरून, साधारण ८.५ अँपिअर. सैल सांध्याच्या वाट्याला दाब येतो फक्त सव्वाचार व्होल्ट. तिथली शक्ती ८.५ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ३६ वॅट. ऐकायला किरकोळ वाटते, पण रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नवर कथील वितळतं; इथे त्याहून जास्त उष्णता पिनेच्या टोकाशी, प्लास्टिकच्या पेटीत कोंडलेली. सॉकेट तपकिरी पडतो, जळका वास येतो. आणि रोध जसजसा वाढेल तसतशी ही उष्णताही वाढत जाते.

म्हणजे मुलांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की दोन्ही सूत्रं खरीच. ज्या वस्तूवर पूर्ण दाब बांधलेला आहे तिचा रोध वाढला की उष्णता घटते. ज्या सांध्यातला करंट पुढची वस्तू ठरवते, त्याचा रोध वाढला की उष्णता वाढते. व्होल्ट घ्यायचे ते त्याच भागाच्या दोन टोकांमधले, घराचे नव्हेत.

‘एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे,’ असं बरेचजण म्हणतात. हा समज धोक्याचा आहे. एमसीबी पाहतो करंट, आणि सैल सांध्यामुळे करंट वाढत नाही, ८.७ वरून ८.५ वर येतो! त्याने पडावं तरी कशासाठी? त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर लावला तर करंट अँपिअरच्या दहाव्या हिश्शाएवढा, उष्णता वॅटचा दोनशेवा भाग, म्हणून दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. त्यामुळे गीझर, इस्त्री, हीटर यांचा प्लग पिनेपाशी तापत असेल, तर वायरमनला बोलवा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही, कारण एकदा तापलेल्या पट्टीची पकड परत येत नाही. सॉकेट बदलायचा आणि वायरचं काळं पडलेलं टोक कापून नवं टोक जोडायचं.

पंपाची मोटार मात्र या हिशोबात बसत नाही. तिला दाब कमी मिळाला की करंट घटण्याऐवजी वाढतो आणि वाइंडिंग जळतं. ते का, हे पुढच्या आठवड्यात.