हत्यारांची कुळकथा : पोटात तारीख बाळगणारा व्हाइस

विल्टन या अमेरिकी कंपनीच्या जुन्या बेंच व्हाइसचे वय बाहेरून कळत नाही. त्यासाठी तो उघडावा लागतो. हँडल उलटे फिरवत राहिले की शेवटी स्क्रूचे आटे सुटतात आणि पुढचा जबडा त्याच्या जाड, गोल दांड्यासकट हातात येतो. दांड्याच्या खालच्या अंगाला एक लांब खाच असते. तिच्या शेजारचे काळे पडलेले ग्रीस पुसले की ठोकलेले आकडे दिसू लागतात, आधी महिना आणि मग वर्ष. सुरुवातीच्या नगांवर या आकड्यांच्या आधी गॅरंटी संपण्याची खूणही असते. गॅरंटी ५ वर्षांची होती. म्हणजे तिथे ४-५० असे वाचायला मिळाले, तर तो व्हाइस एप्रिल १९४५ चा, जर्मनी शरण येण्याच्या जेमतेम महिनाभर आधीचा.

ही कंपनी १९४१ मध्ये शिकागोत सुरू झाली. ती काढणारा ह्यू व्होगल हा चेकोस्लोव्हाकियातून आलेला इंजिनिअर, आणि कंपनीचे नाव पडले विल्टन अव्हेन्यू या रस्त्यावरून. त्याच्या व्हाइसचे मागचे टोक बंदुकीच्या गोळीसारखे गोलाकार असल्यामुळे कारागिरांनी त्याला ‘बुलेट’ म्हणायला सुरुवात केली. हा आकार नुसत्या देखणेपणासाठी नव्हता. इतर बहुतेक व्हाइसमध्ये स्क्रू खालून उघडा असतो. कानशीचा कीस आणि ग्राइंडरची धूळ त्याच्या आट्यांत बसते आणि ग्रीसमध्ये मिसळून आटे झिजवत राहते. व्होगलने स्क्रू आणि नट दोन्ही बंद नळीत घातले. आजही सत्तर-ऐंशी वर्षांचा बुलेट उघडला की आतले आटे पुष्कळदा नव्यासारखे निघतात, त्याचे श्रेय या एका निर्णयाला.

व्हाइसचा मूळपुरुष मात्र ऐरणीच्या शेजारचा, लोहाराच्या भट्टीजवळचा. त्याला एक लांब पाय असे आणि तो थेट जमिनीत रोवलेला. तापलेल्या लोखंडावर घणाचा घाव पडला की धक्का पायातून जमिनीत उतरे, बाकाला त्रास होत नसे. घडीव लोखंडाचा असल्यामुळे तो वाकला तरी तुटत नसे.

त्या काळी खरी अडचण होती नटाच्या आतले आटे पाडण्याची. लोहारांनी काढलेला तोडगा थक्क करणारा आहे. स्क्रूच्या आट्यांमधल्या खाचेत चौकोनी तार गुंडाळायची, तारेचे ते वेटोळे नळीत सरकवायचे आणि पितळ वितळवून आतून पक्के करायचे. झाले आटे तयार! जुना पायाचा व्हाइस हातात आला, तर नळीच्या तोंडाशी पितळेची पिवळी रेष शोधून पाहावी. इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइटने पुढे अखंड लोखंडात आटे कापलेली नळी वापरली. ‘सॉलिड बॉक्स’ हे शब्द तो व्हाइसवर अभिमानाने ठोकत असे. तार वेगळी होऊन बाहेर येण्याची भीती संपली, हे गिऱ्हाइकाला त्या दोन शब्दांत कळे.

कारखाने वाढले तसा व्हाइस जमिनीवरून बाकावर चढला आणि घडीव लोखंडाची जागा बिडाने घेतली. अमेरिकेत कनेटिकटमधल्या मेरिडनचे चार्ल्स पार्कर, पेनसिल्व्हेनियातल्या ईरीची रीड, मॅसॅच्युसेट्समधली अॅथॉल अशी एकेक नावे गाजू लागली. मोजमापाच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टारेटने १९०५ मध्ये अॅथॉल विकत घेतली. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या शिप्लीच्या पार्किन्सनने वेगळीच वाट काढली. त्याच्या व्हाइसमध्ये हँडलजवळ एक छोटी कळ असे. ती दाबली की अर्धा नट स्क्रूपासून बाजूला होई आणि जबडा एका ओढीत मागे-पुढे सरके. दिवसभरात शेकडो वेळा जबडा उघडणाऱ्या कामगाराचे हँडलचे किती फेरे यात वाचले असतील! पुढे शेफील्डच्या रेकॉर्ड व्हाइसमुळे ही रचना सुतारांच्या बाकांवरही पोहोचली.

बिडाने व्हाइस स्वस्त आणि वजनदार केला, पण ठिसूळही केला. बिडातला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. दाब तो उत्तम सोसतो, ताण आला की पापुद्र्याच्या कडेने भेग धावते. व्हाइस आवळला की जबड्याच्या मुळाशी नेमका ताणच येतो. तो किती? हँडल २५० मिलिमीटर लांब असेल आणि एका फेऱ्यात जबडा ५ मिलिमीटर सरकत असेल, तर हिशेबाने हाताचा जोर तीनशे पटींहून अधिक वाढतो. घर्षणात बहुतेक वाया जाऊन पाचवा हिस्सा उरला, तरी १० किलोच्या जोराचे सहाशे किलो होतात. अशा हँडलवर आणखी पाइप चढवून आवळलेल्या व्हाइसचे तुटके जबडे भंगारात पडलेले असतात. १९४३ मध्ये कीथ मिलिस या धातुतज्ज्ञाने ओतीव लोखंडात मॅग्नेशियम मिसळले आणि पापुद्र्यांऐवजी ग्राफाइटचे गोळे तयार झाले. वाकूनही न फुटणारे बीड मिळाले, आणि पुढे चांगले व्हाइस त्याचेच होऊ लागले.

म्हणूनच जुना व्हाइस घेताना गंज पाहून माघार घेऊ नये, भेग शोधावी. व्हाइस मोकळा टांगून छोट्या हातोडीने ठोकावा. निरोगी बीड खणखणते, भेग असेल तर आवाज बद्द येतो. गंज निघतो, भेग मात्र जन्मभर सोबत करते. बिडाला वेल्डिंग सहज मानवत नाही. साध्या वेल्डिंगने जोडाच्या शेजारीच नवी भेग पडण्याचा धोका असतो.

जाम झालेल्या स्क्रूवर घण घालणे हा सर्वांत वाईट उपाय. आट्यांत पातळ तेल सोडून दोन-चार दिवस वाट पाहावी, भोवतालचे बीड हळूहळू शेकावे आणि हँडल थोडे पुढे, थोडे मागे असे हलवावे. सुटे झालेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरने गंज उतरवता येतो. चार्जरचे ऋण टोक व्हाइसला आणि धन टोक साध्या लोखंडाच्या भंगार पत्र्याला जोडायचे. पत्रा स्टेनलेसचा चुकूनही घेऊ नये, त्याने पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात. या क्रियेत हायड्रोजन सुटतो, त्यामुळे हे काम उघड्यावरच करावे आणि जवळपास ठिणगी होऊ देऊ नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. भाग पाण्यातून काढल्याबरोबर पुसून, वाळवून तेल लावावे. नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर चढतो.

यानंतरचा मोह असतो ग्राइंडर फिरवून सगळे लखलखीत करण्याचा. तो आवरावा. ठोकलेले आकडे, ओतकामातली नावे, नळीच्या तोंडाशी दिसणारी पितळेची रेष हे सगळे त्या एका चकतीखाली कायमचे नाहीसे होते. रंग फक्त ओतीव खडबडीत भागावर द्यावा. दांडा, खाच आणि जबड्यांच्या समोरासमोरच्या बाजू उघड्याच राहाव्यात. जबड्यांच्या पोलादी पट्ट्या गुळगुळीत झाल्या असतील, तर त्या बदलण्यासाठीच वेगळ्या बसवलेल्या असतात.

शेवटी परीक्षा. जबड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी धरून व्हाइस हलका आवळावा. एक पट्टी घट्ट आणि दुसरी ओढताच सुटणारी असेल, तर आधी पट्ट्यांमागे मळ किंवा गंज राहिला आहे का ते पाहावे, मग दांडा फिरू नये म्हणून त्याच्या खाचेत बसवलेली चावी झिजली आहे का ते. दोन्ही पट्ट्या सारख्या पकडल्या गेल्या की व्हाइस बाकावर बसवावा. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना पहिल्याच दिवसांत शिकवतात तसा : जबड्यांचा माथा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर, आणि मागचा जबडा बाकाच्या कडेच्या किंचित पुढे, म्हणजे लांब सळई उभी धरली तरी ती बाकाला अडत नाही.