रीठ, बलुतें आणि ग्रामसंस्थेचा वाद

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांत रिठद नांवाचें गांव आहे. वऱ्हाडांत 'रीठ' म्हणजे ओसाड पडलेलें गांव. वस्ती उठली, पण मौजेचें नांव, शिंव आणि जमाबंदीच्या कागदांतील जागा कायम राहिली, अशा ठिकाणास हा शब्द लावितात. रिठदच्या नांवाशीं त्याचा संबंध जोडण्याचा मोह कोणासहि होईल. परंतु रिठ्याचें झाडहि तितक्याच सहज डोळ्यांपुढें उभें राहतें, आणि केवळ ध्वनिसाम्यावर ग्रामनामाची व्युत्पत्ति बसविण्याची खोड आपल्या मंडळींनीं सोडलेली बरी. प्रस्तुत लेखकास नांवापेक्षां त्या शब्दामागील वस्तु महत्त्वाची वाटते. माणसें नाहींत आणि तरी गांव आहे, हें कसें? गेल्या दोनशें वर्षांत समाजशास्त्राच्या पंडितांनीं हिंदुस्थानांतील गांवाविषयीं जो वाद घातला त्याचें मर्म या प्रश्नांत आहे, आणि त्या वादाचा एक मोठा भाग मराठी कागदांनीं निकालांत काढला, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावी तितकी नाहीं.

वादाचा आरंभ राज्यकारभारांतून झाला. पेशवाई बुडाल्यावर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं अहवाल लिहिला. राज्यास लागणारी सर्व सामग्री लहान प्रमाणांत प्रत्येक गांवांत आहे, असें त्याचें म्हणणें. पुढें १८३० सालीं चार्ल्स मेट्काफ यानें आपल्या टिपणांत गांवांस छोटीं प्रजासत्ताकें म्हटलें: राजवंश कोसळतात, गांव टिकतें. हीच कल्पना कार्ल मार्क्स यानें १८५३ च्या वृत्तपत्रीय लेखांत व १८६७ च्या 'कॅपिटल' ग्रंथांत उचलली. पण त्याच्या हातीं तिचा अर्थ उलटला. मेट्काफास ज्यांत स्वातंत्र्य दिसलें, त्यांत मार्क्सला अनियंत्रित राजसत्तेचा पाया आणि समाजाच्या जडतेचें कारण दिसलें. हेन्री मेन यानें १८७१ सालीं पौर्वात्य व पाश्चात्य ग्रामसंस्थांची तुलना केली, आणि आपलें गांव हें यूरोपाच्या बाल्यावस्थेचें जिवंत चित्र ठरविलें. मेनच्या ग्रंथांचा उपयोग जर्मन पंडित टॉनीझ यानें १८८७ सालीं केला. रक्ताच्या व शेजाराच्या नात्यानें बांधलेला समाज आणि कराराच्या नात्यानें जोडलेला समाज हा त्याचा प्रसिद्ध भेद. अशा रीतीनें दिल्लीकडच्या एका अधिकाऱ्याचें टिपण यूरोपीय समाजशास्त्राच्या पायांत जाऊन बसलें.

रिठाचा दाखला या मतास साधक कीं बाधक? वरवर पाहतां बाधक. गांवें अमर नव्हतीं. १८०३-०४ च्या दुष्काळानें आणि त्या वेळच्या धामधुमीनें दक्षिणेंत व वऱ्हाडांत वस्त्या उठल्या, आणि सगळ्या पुन्हा बसल्या नाहींत. मेट्काफास हें अगदींच ठाऊक नव्हतें असें नव्हे. एक पिढी परागंदा झाली तरी पुढची पिढी परत येते, असें तो सांगतो. पण कां परत येते, याचें त्याचें उत्तर मातीच्या ओढीपलीकडे जात नाहीं. आपले वतनी कागद वाचणारास खरें उत्तर ठाऊक आहे. गांव उठलें तरी वतन उठत नाहीं. पाटीलकी, कुळकरण, सुतारकी, महारकी हे हक्क त्या मौजेशीं जखडलेले असतात, आणि त्यांचा धनी दूर जाऊन राहिला तरी परत येऊन तो आपला हक्क सांगूं शकतो. वतनाच्या वादांत 'अमुकाचा पूर्वज परागंदा झाला, मागें तमुक वतन खाऊं लागला' ही तक्रार किती वेळां येते! म्हणजे गांव ही माणसांची बेरीज नसून हक्कांची चौकट होती. रीठ ही त्या चौकटीची रिकामी राहिलेली आकृति होय.

मेनच्या मतावर पहिला जबर घाव बेडन-पॉवेल यानें १८९६ सालीं घातला. सामाईक मालकीचीं गांवें उत्तरेकडे आहेत. दक्षिणेंत व वऱ्हाडांत प्रत्येक कुणब्याचें शेत वेगळें, सारा वेगळा, आणि ही रीत त्या दुसरीइतकीच जुनी असूं शकेल, असें त्यानें दाखविलें. गांव स्वयंपूर्ण होतें या समजुतीसहि आपल्या भागांतच उत्तर आहे. लोणारच्या सरोवराभोंवतीं कांच व साबण यांस लागणारें द्रव्य मिळतें, ही नोंद 'आईन-इ-अकबरी'त आहे. ज्या प्रांतांत खार एका ठिकाणीं, लोखंड दुसऱ्या ठिकाणीं आणि बाजार तिसऱ्या ठिकाणीं, तेथील कोणतें गांव आपल्या शिवेच्या आंत पुरें पडणार? श्रीनिवास व शहा यांनीं १९६० सालीं स्वयंपूर्णतेची ही कल्पना भ्रम असल्याचें स्पष्ट लिहिलें. राजसत्ता गांवाच्या वेशीबाहेर थांबत असे, हेंहि खरें नव्हे. वाशिम येथें १९३९ सालीं उजेडांत आलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट पाहावा. त्यांत दिलेल्या गांवास नाना करांची व उपद्रवांची माफी आहे. आणि माफी तेथेंच द्यावी लागते जेथें एरवीं मागणी असते.

आतां बलुत्याकडे वळूं. येथें वाद सूक्ष्म आहे, आणि कागदांचें महत्त्वहि येथेंच अधिक. मॅक्स वेबर यानें हिंदुधर्मावरील आपल्या विवेचनांत (१९१६-१७) गांवच्या कारागिरास एक ग्रीक शब्द योजिला, ज्याचा भावार्थ 'लोकांचें काम करणारा' असा आहे. सुतार-लोहार हे सुट्या कामाची मजुरी घेत नाहींत. सगळ्या गांवाचे म्हणून राबतात व गांवाकडून पोसले जातात, हा त्याचा आशय. उलट १९३६ सालीं विल्यम वायझर यानें उत्तरेकडील करीमपूर गांव पाहून जजमानीची पद्धति वर्णिली: अमुक न्हावी अमुक घराण्याचा, आणि नातें घरा-घरामधलें, गांवाचें नव्हे. हेंच चित्र पुढें सगळ्या हिंदुस्थानास लावण्याची प्रथा पडली. लुई ड्यूमाँ यानें १९६६ सालीं तर जातींचा उच्चनीच क्रम हेंच मूळ सूत्र धरलें, आणि गांवास दुय्यम स्थान दिलें.

यांत खरें कोण? जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यानें १९७२ सालीं नेमका हाच प्रश्न घेतला, आणि उत्तर अठराव्या शतकांतील मराठी कागदांत शोधिलें. बलुतेदाराचें वतन हें मौजेचें वतन. एखाद्या कुणब्यास तें देतां येत नाहीं कीं काढतां येत नाहीं. घरें वाढलीं तर गिऱ्हाइकें न वाटतां वतनाच्याच तक्षिमा होतात. यावरून महाराष्ट्रांत वेबरचें मत ग्राह्य, जजमानीचें नव्हे, असा त्याचा निष्कर्ष आहे. प्रस्तुत लेखकास तो मुख्यतः मान्य आहे. मात्र एक शंका राहते. वतन गांवाचें असलें तरी पेंढी खळ्यावर कुणब्याच्या हातूनच मिळावयाची, आणि त्या क्षणीं देणाऱ्याची मर्जी मोठी कीं मौजेचा दंडक मोठा, हें वतनपत्र सांगत नाहीं. तें सांगेल तर घरगुती हिशेबाची वहीच सांगेल.

ही शंका पुस्तकी नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांव-गाडा' (१९१५) मध्यें कारू-नारूंच्या व फिरस्त्यांच्या मागण्यांखालीं कुणबी कसा वाकतो, तें मुलकी खात्यांतील अनुभवानें सांगितलें. वतनदार महाराच्या बाजूनें पाहिल्यास तोच गाडा दुसरीकडून दिसतो: अल्पस्वल्प इनाम आणि घरोघरची भाकर यांच्या मोबदल्यांत रात्रंदिवस राबणूक, आणि ती नाकारण्याची सोय नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबई कायदे-मंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणलें तें याच कारणास्तव. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत मेट्काफाचेंच वर्णन वाचून दाखवून त्यांनीं ग्रामप्रजासत्ताकाचा गौरव साफ फेटाळला. गांव टिकलें, एवढ्यानें तें चांगलें ठरत नाहीं, हा त्यांचा मुद्दा मेनपासून वेबरपर्यंत कोणींच पुरता विचारांत घेतला नव्हता.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. १९५० व १९६० च्या दशकांत वतनें कायद्यानें रद्द होऊं लागल्यावर गांवकीच्या कागदांची कचेरींतील किंमत संपली, आणि माळ्यावरचीं दप्तरें वाळवीच्या स्वाधीन झालीं. जें वांचलें त्यांतूनहि आपण सनदा, शिक्के आणि मोठ्या घराण्यांचे पत्रव्यवहार उचलतों. बलुत्याची यादी, खळ्यावरील वांटणीची वही, शिवेच्या भांडणाचा महजर हे कागद किरकोळ म्हणून मागें राहतात. महजर मिळाल्यास केवळ निवाडा उतरून घेऊं नये. खालीं पाटलाचा नांगर आणि कारागिरांच्या हत्यारांच्या निशाण्या असतात. कोणाची निशाणी कोठें आहे, कोणाची नाहीं, हें नकलेंत जसेंच्या तसें यावें. यादींत पेंढ्या 'गांवनिसबत' लिहिल्या आहेत कीं कुळवार, ही एक बाब जरूर टिपावी. आणि रिठाचे कागद मिळाले, तर वस्ती उठल्यानंतर तेथील बलुत्याचा हक्क कोणी, किती वर्षांनीं आणि कोणापुढें सांगितला, तें आधीं पाहावें.