अग्निबाणाचे पंख सरळ का असावेत?

दिवाळीत बाण उडवताना एक गोष्ट बहुतेकांच्या पाहण्यात आलेली असते. बाणाला बांधलेली काडी सरळ आणि घट्ट असली, म्हणजे तो बाटलीतून सुटून नीट आकाशात चढतो. काडी मोडकी किंवा सैल असली, तर तोच बाण वेडावाकडा धावत शेजाऱ्यांच्या कौलांवर किंवा बघ्यांच्या घोळक्यात शिरतो. दारू दोन्ही बाणांत सारखीच असते. फरक असतो तो मागच्या काडीचा. काडी बाणाला ढकलीत नाही, ती केवळ त्याची वाट राखते. छंद म्हणून बनविल्या जाणाऱ्या लहान नमुना-अग्निबाणांत हेच काम शेपटाकडे चिकटविलेले तीन किंवा चार पातळ पंख करतात. हे पंख अचूक बसविणे इतके महत्त्वाचे का, आणि ते बसवावे कसे, याचा विचार आपण या लेखात करू.

आपल्या भाषेत धनुष्याचा तीर आणि दारूचा अग्निबाण या दोघांनाही 'बाण' हा एकच शब्द आहे, हे मोठे अर्थपूर्ण आहे. दोघांपुढे प्रश्न एकच : पुढचे टोक पुढेच राहावे कसे? तिराच्या मागे पिसे लावून माणसाने तो फार प्राचीन काळी सोडविला. अठराव्या शतकात म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या फौजेत लोखंडी नळीचे अग्निबाण होते. त्या नळीला लांब बांबू बांधलेला असे. दिवाळीतल्या बाणाची काडी ही त्याच बांबूची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. परंतु काडी लांब असते, तिचे वजन होते आणि ती एका अंगाला बांधावी लागते. आखूड, हलके आणि चोहोबाजूंनी सारखे पंख हा त्यावरचा अधिक चांगला उपाय होय.

नमुना-अग्निबाणांचा छंद अमेरिकेत जन्मास आला. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे जोड्यांचे दुकानदार राहत. त्यांना शोभेच्या दारूची हौस, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना नमुना-विमानांची. या दोन आवडींच्या मिलाफातून १९५४ साली कागदी नळी, हलक्या लाकडाचे पंख आणि बदलता येणारे तयार इंजिन असलेला छोटा अग्निबाण निर्माण झाला. पुढे ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतील मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. घरीच नळ्यांत स्फोटक मिश्रणे ठासण्याच्या नादात कित्येक मुले जखमी झाली. व्हाइट सँड्स येथील प्रक्षेपण-केंद्रावर काम केलेले हॅरी स्टाइन यांनी कार्लाइल बंधूंची रीत पुढे आणली, ती हा धोका टाळण्यासाठीच. इंजिन कारखान्यात तयार झालेले असावे आणि मुलांनी आपले कौशल्य नळी, टोक व पंख यांवर खर्च करावे, हा त्यामागचा विचार. म्हणजे मुलाच्या हाती जे काम उरले, त्यात सर्वांत नाजूक काम पंख बसविण्याचेच होय.

आता पंख आपले काम कसे करतात ते पाहू. कोणत्याही अग्निबाणात दोन बिंदू लक्षात ठेवावयाचे असतात. पहिला गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या जागी बोटावर तोलला असता अग्निबाण आडवा स्थिर राहतो तो बिंदू. हवेत अग्निबाण वळतो तो याच बिंदूभोवती. दुसरा दाबमध्य, म्हणजे बाजूने येणाऱ्या हवेचा सारा दाब जणू ज्या एका जागी एकवटतो तो बिंदू. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर अग्निबाण किंचित वळताच हवा त्याचे शेपूट ढकलून पुन्हा रांगेत आणते. छपरावरचा वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करतो तो याच न्यायाने. उलट दाबमध्य पुढे पडला, तर तीच हवा अग्निबाणाला कोलांट्या खावयास लावते. दाबमध्य निदान नळीच्या एका व्यासाइतका तरी मागे असावा, असा या छंदातील रूढ नियम आहे. मागचे पंख दाबमध्याला मागे ओढून आणतात. नमुना-अग्निबाणाचा दाबमध्य गणिताने काढण्याची सोपी रीत नासा या संस्थेतील अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मांडली, आणि ती आजही वापरली जाते.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अग्निबाण सरळ जात असतो तेव्हा सरळ बसलेला पंख हवेला केवळ कापतो, तिला बाजूला लोटीत नाही. अग्निबाण चुकला तरच तो बोलतो, आणि चूक दुरुस्त होताच पुन्हा गप्प होतो. परंतु पंख स्वतःच तिरपा असेल, तर अग्निबाण सरळ असतानाही तो शेपटाला एका बाजूस रेटीत राहतो. हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. म्हणून सुरुवातीला क्षुल्लक वाटणारा तिरपेपणा अर्ध्या सेकंदात मोठे विघ्न होऊन बसतो. अग्निबाण स्वतःभोवती फिरू लागतो, उंचीसाठी असलेली शक्ती फिरण्यात वाया जाते, आणि कधी त्याची वाट कमानीसारखी वाकून तो भलत्याच ठिकाणी उतरतो.

पंख बसविताना तीन प्रकारच्या चुका संभवतात. पंखांमधली अंतरे सारखी नसणे ही पहिली; पंख नळीवर ताठ उभा न राहता एका अंगाला कलणे ही दुसरी; आणि पंखाची बैठक नळीच्या लांबीला समांतर नसणे ही तिसरी. या तिन्ही सारख्या घातक नव्हेत. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा घेर सुमारे ७८.५ मिलिमीटर असतो. त्यावर एका मिलिमीटरची चूक म्हणजे साडेचार अंशांहून थोडी अधिक. अंतरात एवढा फरक पडला तरी उड्डाण सहसा बिघडत नाही. परंतु ६० मिलिमीटर लांबीच्या पंखाचे एक टोक मिलिमीटरभर सरकले, तर तो पंख वाऱ्याशी जवळजवळ एक अंशाचा कोन करतो आणि सबंध उड्डाणभर चुकीचा रेटा देतो. म्हणून काळजीचा मोठा वाटा या तिसऱ्या चुकीसाठी राखून ठेवावा.

प्रत्यक्ष कृती अशी. पंख हलक्या बाल्सा लाकडाचे किंवा जाड पुठ्ठ्याचे करावेत. लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवावेत, नाही तर पंख सहज मोडतो. सर्व पंख कापून झाल्यावर त्यांची गड्डी करावी आणि ती एकदमच पॉलिश पेपरने घासावी. म्हणजे सारे पंख एकाच मापाचे होतात. मग कागदाची एक पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळून, जेथे तिचे टोक पुन्हा मिळते तेथे खूण करावी. पट्टी उलगडून त्या अंतराचे तीन समान भाग पाडावेत. वरील नळीसाठी प्रत्येक भाग सुमारे २६.२ मिलिमीटरचा येईल. चार पंख हवे असल्यास मोजण्याचीही गरज नाही, पट्टी दोनदा दुमडली की झाले. पट्टी पुन्हा गुंडाळून खुणा नळीवर उतरवाव्यात.

आता या खुणांतून नळीच्या लांबीला समांतर रेषा काढावयाच्या. नळी गोल असल्याने नुसती पट्टी तिच्यावर ठेवली तर ती हमखास घसरते. त्याऐवजी नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात किंवा मेजाच्या अर्धवट उघडलेल्या खणाच्या कडेशी टेकवून धरावी. दोन सरळ पृष्ठे जेथे मिळतात, त्या खाचेत नळी आपोआप सरळ बसते, आणि चौकटीच्या कडेने ओढलेली पेन्सिलीची रेषा तिच्या लांबीला समांतर उतरते.

चिकटविण्यासाठी सुताराचा पांढरा गोंद उत्तम. पंखाच्या कडेला आणि नळीवरील रेषेला गोंदाचा पातळ हात देऊन तो काही मिनिटे वाळू द्यावा. मग पुन्हा थोडा गोंद लावून पंख बसवावा. असा सांधा लवकर धरतो आणि पंख हलत नाही. जाड पुठ्ठ्यात नळीच्या मापाचे भोक आणि त्यातून १२० अंशांवर निघणाऱ्या तीन खाचा कापून घेतल्या, तर पंख वाळेपर्यंत ताठ धरणारा साचा घरच्या घरी तयार होतो. वाळताना नळी उभी ठेवावी. आडवी ठेवल्यास पंख आपल्याच वजनाने कलतो. नंतर एक डोळा मिटून नळीच्या मागच्या टोकाकडून पाहावे. प्रत्येक पंख नुसत्या रेषेसारखा दिसला पाहिजे. त्याची बाजू दिसू लागली, तर तो तिरपा आहे असे समजावे आणि गोंद ओला आहे तोवरच सुधारावे.

बांधणी पूर्ण झाल्यावर एक सोपी परीक्षा घेता येते. अग्निबाण उड्डाणाच्या वेळी असतो तितक्याच वजनाचा करून त्याच्या गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधावा आणि मोकळ्या जागी तो डोक्याभोवती गोल फिरवावा. टोक पुढे ठेवून तो फिरला, तर तो स्थिर आहे. शेपूट पुढे आले किंवा तो गडबडू लागला, तर टोकात थोडे वजन घालावे किंवा पंख मोठे करावेत.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. दारूचे इंजिन घरी बनविण्याच्या फंदात कोणीही पडू नये. त्याने हातांना व डोळ्यांना कायमची इजा होते, आणि परवान्यावाचून स्फोटके बनविणे हा आपल्या देशात गुन्हाही आहे. शाळेत शिकण्यासाठी पाण्याचा अग्निबाण पुरेसा आहे. शीतपेयाच्या न चिरलेल्या प्लास्टिक बाटलीत एक-तृतीयांश पाणी भरून सायकलच्या पंपाने हवा भरली, की पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर झेपावते. हा प्रयोगही शिक्षकांच्या देखरेखीखाली, मैदानावर आणि अंतर राखूनच करावा. बाटलीचे तोंड खाली असते, म्हणून पंख त्या बाजूला येतात, आणि पाणी निघून गेल्यावरही गुरुत्वमध्य पुढे राहावा म्हणून टोकात मातीचा गोळा लागतो. एकदा सरळ आणि एकदा मुद्दाम तिरपे पंख लावून तीच बाटली उडवून पाहावी. वर सांगितलेला सारा फरक डोळ्यांपुढे उभा राहील.

जाणकार वाचक विचारतील, की कित्येक मोठ्या संशोधन-अग्निबाणांचे पंख हेतुतः तिरपे असतात, ते कसे? ते खरे आहे. पण तेथे सारे पंख एकाच दिशेने, एकाच मोजलेल्या कोनात वळविलेले असतात. त्यामुळे अग्निबाण भोवऱ्यासारखा फिरतो आणि बारीक दोषांचा परिणाम सर्व दिशांना वाटला जाऊन वाट सरळ राहते. मोजून दिलेला कल निराळा आणि हयगयीने आलेला कल निराळा.

अग्निबाण एकदा दांड्यावरून सुटला, की त्याच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचत नाही. त्या काही क्षणांत त्याला सांभाळणारे फक्त पंखच असतात, आणि पाहणाऱ्यांची सुरक्षितता त्यांच्यावरच अवलंबून असते. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पेन्सिलीची ती रेषा ओढताना घाई करू नका.