मेंढा-लेखा: बांबू विकण्याचा हक्क ग्रामसभेला कसा मिळाला?

जंगलावर गावाचा हक्क मान्य झाला, पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना वनविभागाच्याच हातात राहिला. मग त्या हक्काचा उपयोग काय? गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव आहे. त्याच्यासमोर हाच प्रश्न उभा राहिला होता.

कायदा काय सांगतो?

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्यानुसार गावाला आपल्या पारंपरिक जंगलावर सामूहिक हक्क मिळू शकतो. गौण वनउपज गोळा करणं आणि विकणं हा त्याचाच भाग. या कायद्यात बांबू गौण वनउपजात मोडतो.

२००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

मग अडलं कुठे?

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांमध्ये होती. त्याच आधारे वनविभाग बांबूवरचा ताबा सोडायला तयार नव्हता आणि वाहतूक परवाना मिळत नव्हता. परवान्याशिवाय माल नेला तर तो जप्त होणार, मग विकत घेणार कोण?

ग्रामसभेने पाठपुरावा सोडला नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ मध्ये नियम बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनही बांबू वगळला गेला.

हे याच गावाला कसं जमलं?

कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून इथली ग्रामसभा नियमित बसत होती. देवाजी तोफा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने निर्णय बहुमताने नाही, तर सर्वसहमतीने घ्यायची पद्धत रुजली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची.

इतर गावांनी काय करायचं?

सामूहिक हक्काच्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेतूनच होते. ग्रामसभा वनहक्क समिती नेमते आणि पुरावे गोळा होतात. त्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. दाव्याचा ठराव करताना निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. त्यानंतर दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो.

म्हणूनच ग्रामसभा फक्त रजिस्टरवरच्या सह्यांपुरती भरत असेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.