जिनातले घर आणि बहिणींच्या सह्या

गेल्या उन्हाळ्यात आम्ही यवतमाळमध्ये घर शोधत होतो. सतरा वर्षे भाड्याच्या घरात काढली. अटी फार नव्हत्या. मुलांची शाळा जवळ असावी, मशीद पायी जाण्याच्या अंतरावर असावी आणि व्याजाचे कर्ज न काढता पेलेल अशी किंमत असावी. दलालाने बरीच घरे दाखवली. शेवटी एका जुन्या जिनच्या भिंतीला लागून असलेले तीन खोल्यांचे घर आम्हा दोघांच्याही मनात भरले. किंमत १६ लाख.

आपल्या जिल्ह्यात यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद अशा कोणत्याही कापसाच्या गावात जिनच्या आसऱ्याने वस्ती उभी राहिलेली दिसते. १९०३ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची छोटी रेल्वे सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. तीच आपली शकुंतला. जिनमध्ये रेच्यांवर सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या, आणि त्या गाठी मुंबईमार्गे थेट मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत जायच्या. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम. हमाल, फिटर, गाडीवान आणि रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बाया या सगळ्यांनी कामाच्या जवळ घरे बांधली. भोंगा झाला की मोहल्ला उठायचा.

१९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती, तेव्हाही या जिनांना काम होते. पुढे खासगी खरेदी खुली झाली. २००० साली कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि नव्या यंत्रांचे जिन उभे राहू लागले. ट्रक वळायला मोकळी जागा हवी, म्हणून ते गावाबाहेरच्या रस्त्यांवर गेले. गावातले जुने जिन बंद पडत गेले. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आपल्याकडे जिनच्या जागेवर प्लॉट पडले. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचे काम चालू आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब गाडी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक दलालाच्या तोंडी एकच वाक्य आहे, “सर, गाडी आली की भाव दुप्पट.”

आम्ही घर नीट तपासले. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर भिंतीला तिरप्या भेगा पडतात. इथे एकच भेग होती, तीही जुनी. पाण्याचे विचारले. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणे आटली तेव्हा यवतमाळकरांनी काय सोसले, ते आम्ही विसरलेलो नाही. शेजारच्या चाचींनी सांगितले की त्या वर्षी गल्लीतल्या एका विहिरीवर सगळ्यांनी पाळी लावून पाणी भरले, भांडण झाले नाही. घर घेण्याआधी शेजारी पाहावा, असे अरबीत म्हणतात. तो आम्ही पाहिला आणि मन तयार झाले.

मग कागद मागितले. घर विकणारे दोघे भाऊ. त्यांनी नगरपरिषदेच्या कराची पावती दाखवली. पण कराची पावती म्हणजे मालकी नव्हे. आम्ही नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढली. विदर्भातल्या जुन्या गावांत जागा नझूलची असू शकते. तशी असेल तर पट्टा कधी संपतो आणि विक्रीला परवानगी लागते का, हे पाहावे लागते. जिनच्या जमिनीवरचा प्लॉट असेल तर लेआउट मंजूर आहे का, जमीन निवासी वापराची झाली आहे का, हेही पाहावे लागते. ही जागा सुदैवाने नझूलची नव्हती आणि लेआउटही मंजूर होता. पण मालक म्हणून नाव होते त्या भावांच्या वडिलांचे. वडील जिनात फिटर होते, त्यांचा इंतकाल होऊन सहा वर्षे झाली होती.

“वारस कोण कोण?” आम्ही विचारले.

“आम्ही दोघे आणि अम्मी.”

“बहिणी?”

“तीन आहेत. पण बहनों ने तो माफ कर दिया है, सर.”

दलालाने तोडगाही सुचवला. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा करा, राहायला या, नोंदणी पुढे होत राहील. आम्ही शिक्षक माणसे, पण एवढे ठाऊक होते की नोंदणी न झालेल्या कागदाने घराची मालकी मिळत नाही. शिवाय मुस्लिम कायद्यानुसार मालक गेला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. भाऊ फक्त आपला हिस्सा विकू शकतो. बहिणीने सही केली नाही तर तिचा हिस्सा तिचाच राहतो, आणि उद्या ती न्यायालयात वाटणी मागू शकते.

आम्ही इसार दिला नाही. भावांच्या परवानगीने आम्ही दोघे दिग्रसला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. चहा झाला. विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “माफ केलं म्हणतात? मला तर कोणी विचारलंच नाही. घर विकताहेत हे तुमच्याकडूनच कळतंय.” आवाजात राग नव्हता, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

परत येऊन भावांसमोर कागदावर हिशोब मांडला. सूरह निसामध्ये हिस्से स्पष्ट दिले आहेत. मुले असतील तर पत्नीला आठवा भाग, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. १६ लाखांतून अम्मींना २ लाख. उरले १४ लाख. दोन मुलगे आणि तीन मुली मिळून सात भाग होतात. प्रत्येक मुलीला २ लाख, प्रत्येक मुलाला ४ लाख. धाकटा भाऊ म्हणाला, “लग्नात दिलं होतं ना त्यांना.” लग्नात बापाने जे दिले ती बापाची भेट होती, मीरास बापाच्या मृत्यूनंतर सुरू होते. आलिमही हेच सांगतात, की बहिणीला माफ करायचेच असेल तर आधी हिस्सा तिच्या हातात पडू द्या. मग ती राजीखुशीने काय देते ते देऊ द्या. संकोचाने गप्प राहणे म्हणजे माफी नव्हे.

हे सगळे आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगून घरी आलो. रात्री आमच्या जमवलेल्या पैशांची यादी काढली आणि पेन थांबले. त्यात ३ लाख रुपये होते, दारव्ह्याच्या अब्बांच्या घराचे. अब्बा गेले तेव्हा अम्मी आधीच गेलेल्या होत्या. घराची किंमत ६ लाख धरून भाईजानांनी घर ठेवले आणि आम्हाला निम्मे दिले. आपाला काय दिले? काहीच नाही. तीही “माफ” झाली होती. दोन भाऊ आणि एक बहीण म्हणजे पाच भाग. आपाचे १ लाख २० हजार होते. त्यातले ६० हजार आमच्या यादीत होते आणि ६० हजार भाईजानांकडे. ज्या गोष्टीसाठी आम्ही दुसऱ्यांच्या बैठकीत बसून कुरआनचा हवाला देत होतो, ती आमच्याच कपाटात होती.

पुढच्या रविवारी आम्ही आपाकडे गेलो. ६० हजार तिच्या हातात ठेवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नऊ वर्षं झाली रे. पैशाचं नाही, पण अब्बांच्या घरात माझं काही होतं, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.” तिने पैसे परत केले नाहीत. आम्हाला बरे वाटले. भाईजानांशी बोलणे झाले आहे. त्यांनी अजून दिलेले नाहीत, आम्ही विचारत राहणार आहोत.

जिनच्या घराचा व्यवहार पुरा व्हायला चार महिने लागले. आधी सहाही वारसांची नोंद आखीव पत्रिकेवर झाली. दुय्यम निबंधक कार्यालयात अम्मी, दोन भाऊ आणि तीन बहिणी, सगळ्यांनी सह्या केल्या. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा धनादेश दिला. थोडी रक्कम वर्षभरात हप्त्यांनी द्यायची ठरली, तीही खरेदीखतात लिहिली. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, अशी शिकवण सूरह बकरात आहेच. धाकट्या बहिणीने आपल्या २ लाखांतले ५० हजार अम्मींच्या औषधपाण्यासाठी तिथेच दिले. याला म्हणतात राजीखुशी.

वाचक भगिनी-बंधूंनो, घर घेताना भिंत ठोकून पाहा, पाणी विचारा, आखीव पत्रिका काढा, तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्या. पण इसार देण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा, “या घराच्या लेकी कुठे आहेत?” आणि तोच प्रश्न त्या रात्री आपल्या घरातही विचारा.

जिनचा भोंगा आता वाजत नाही. फज्रच्या अजानने गल्ली जागी होते. त्या घरात आम्ही पहिली नमाज पढलो तेव्हा मनात कसलीही खुटखुट नव्हती. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल छप्पर देवो. आमीन.