बिडावर काचेचा लेप : आंबट आमटीला सोयीचा, भाकरीला नव्हे

सांगोला (प्रतिनिधी) - चिंच घातलेली आमटी बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ठेवली की कळकते, हे जुन्या पिढीतील गृहिणींना कोणी सांगावे लागत नसे. कोणत्या भांड्यात काय शिजवावे आणि काय शिजवू नये, याचे शास्त्र त्यांना अनुभवाने अवगत होते. सध्या शहरांतील दुकानांतून एनॅमलचा लेप दिलेली बिडाची रंगीत, जड भांडी दिसू लागली आहेत. ती विकत घेण्यापूर्वी याच शास्त्राची उजळणी करणे हिताचे ठरेल.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बनचे प्रमाण साधारणपणे दोन ते चार टक्के असते. त्यामुळे ते कठीण, पण ठिसूळ असते. एनॅमल म्हणजे रंग नव्हे, तर काच. काचेची बारीक पूड भांड्यावर चढवून ते सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजले जाते. तेथे काच वितळून धातूला घट्ट चिकटते. अशी भांडी जगभर लोकप्रिय करणाऱ्या फ्रान्समधील 'ल क्रूझे' या कंपनीची स्थापना १९२५ मध्ये झाली. पुढे २००६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जिम लाही यांची, पीठ न मळता जड झाकणाच्या भांड्यात पाव भाजण्याची कृती प्रसिद्ध केली आणि या भांड्यांकडे नव्या पिढीचे लक्ष वेधले गेले.

आपल्याकडील कल्हईचा हेतूही काहीसा असाच. पितळ-तांब्याचा आंबट पदार्थांशी संबंध येऊ नये म्हणून कथिलाचा थर दिला जातो. परंतु कथिल २३२ अंशांनाच वितळते, शिवाय कल्हई झिजते आणि पुन्हा करून घ्यावी लागते. काचेचा लेप नीट वापरल्यास वर्षानुवर्षे टिकतो. मात्र एकदा उडाला की घरी दुरुस्त करता येत नाही.

माणदेशी स्वयंपाकाला उपयोग काय?

सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका. येथील जेवण ज्वारी, हुलगे, शेंगदाणे यांवर पोसलेले, आणि त्यातील अनेक पदार्थ मंद आचेचे आहेत. बीड ॲल्युमिनिअमपेक्षा बरेच सावकाश तापते. पण भांडे जाड आणि जड असल्याने एकदा तापले की उष्णता धरून ठेवते. त्यामुळे हुलग्याचे शेंगोळे, मटणाचा रस्सा यांसारखे पदार्थ बारीक आचेवर संथपणे शिजतात. जड झाकणाखाली वाफ कोंडली जाते व पाणी कमी आटते. हुलग्याचे माडगे किंवा पिठले करताना मात्र सतत ढवळण्यावाचून गत्यंतर नाही.

या भांड्याचा खरा फायदा आंबट पदार्थांना होतो. ताकातल्या कण्या, चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचे सार हे पदार्थ उघड्या लोखंडात काळवंडतात व त्यांना धातूची चव येते. काचेवर तसे होत नाही. सांगोल्याची ओळख असलेल्या डाळिंबाचा रस आटवून पाक करावयाचा असल्यास हे भांडे उत्तम. रस आम्लधर्मी असूनही त्याचा रंग व चव बिघडत नाही.

भाकरी, ठेचा नकोच

भाकरीसाठी तवा कोरडा आणि कडकडीत तापवावा लागतो. लेपाचे भांडे असे रिकामे तापविल्यास काचेला तडे जाण्याचा धोका असतो. तव्यावर मिरच्या भाजून तेथेच तांब्याच्या बुडाने ठेचा रगडण्याची पद्धत तर या लेपाला मारकच. या कामांना साधा लोखंडी किंवा बिडाचा तवाच योग्य.

लोहाचा प्रश्न

खरेदीच्या उत्साहात एक महत्त्वाची गोष्ट दुर्लक्षित राहते. साध्या लोखंडी कढईत शिजविलेल्या अन्नात, विशेषतः ओलसर व आंबट पदार्थांत, काही प्रमाणात लोह उतरते. लेपाच्या भांड्यात ते उतरत नाही, कारण अन्न आणि लोखंड यांच्यामध्ये काच असते. 'बिडाचे भांडे आहे, म्हणजे लोह मिळेल' हा समज त्यामुळे चुकीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. हे पाहता, नवे भांडे आले म्हणून घरातील लोखंडी कढई मोडीत काढणे शहाणपणाचे नाही. मेथी, तांदुळजा अशा पालेभाज्या तिच्यातच कराव्यात व शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढाव्यात. अर्थात, कढई हा रक्तक्षयावरील औषधोपचाराला पर्याय नव्हे.

घेताना आणि वापरताना

* पाच लिटरचे भांडे झाकणासह पाच किलोच्या आसपास भरते. भरल्यावर ते एकटीला उचलणे झेपेल का, हे आधी पाहावे. आयात केलेल्या भांड्यांची किंमत कित्येक हजारांच्या घरात जाते.
* काही भडक रंगांत शिसे किंवा कॅडमिअमची संयुगे असू शकतात. आतील लेप अन्नासाठी सुरक्षित असल्याचे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेलेच भांडे घ्यावे.
* आच मंद ते मध्यम असावी. फोडणीसाठी आधी तेल घालून मगच भांडे तापवावे.
* गरम भांड्यावर थंड पाणी ओतू नये. लोखंड आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात व लेपाला तडा जातो.
* लाकडी उलथने वापरावे. तळाला लागलेले अन्न तारेच्या घासणीने न खरवडता कोमट पाण्यात भिजवून काढावे.
* काठावर लेप नसल्यास तेथे गंज चढतो. धुतल्यावर काठ कोरडा पुसावा.
* इंडक्शन शेगडीवर ही भांडी चालतात; मात्र ती उचलून ठेवावीत, ओढू नयेत.
* आतील लेपाचा टवका उडाल्यास त्या भांड्यात स्वयंपाक करणे थांबवावे. काचेचे कण अन्नात मिसळू शकतात.

थोडक्यात, आंबट आणि सावकाश शिजणाऱ्या पदार्थांसाठी लेपाचे भांडे, तर भाकरी, ठेचा व पालेभाजीसाठी साधे लोखंड, अशी कामाची वाटणी केल्यास दोन्ही भांडी दीर्घकाळ टिकतील. एका भांड्याने दुसऱ्याची जागा घ्यावी, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.